टोपण

एर्मोसियोत ऑगस्टच्या दुपारी दोनला
रस्त्यावर कुत्रंही नसतं.
एवारिस्तो बोहोर्केसची टॅक्सी तेवढी आली,
चारही काचा खाली,
म्हणजे काही सांगायची गरजच नव्हती.

तरी त्याने सांगितलं.
गिऱ्हाईक बसतं, पुढच्या सिग्नलला उतरतं.
दर मे महिन्यात गॅस भरतो, जुलैत संपतो.

संपत नाही, मी म्हटलं.
तो काय पेट्रोल आहे, जळून जायला?
त्याच नळ्यांतून फिरत राहतो बिचारा,
कमी झाला तर कुठूनतरी गेला.

बॉनेट उघडलं. आतल्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठ्या,
एकीवर एक, सहा उन्हाळ्यांच्या:
तारीख, वजन,
आणि खाली बाबांची सही, शेपूट लांबवलेली.

बाबा आत पंख्यासमोर.
हल्ली जवळचं दिसत नाही त्यांना,
ऐकू मात्र सगळं येतं.
"क्लच टकटकतोय," तिथूनच म्हणाले,
"धरतो, सोडतो. पोटात काही नाही त्याच्या."

गेज लावायला टोपणं काढू गेले,
लाल होतं, निळं नव्हतं.
पडतात अशी. मी लक्ष दिलं नाही.

काटा तळाला.
मग शोधाशोध. पुढच्या जाळीत मेस्कीतची पानं,
एक अख्खा टोळ, वाळून कागद झालेला;
जाळी धुतली, पण गळती तिथे नव्हती.
कॉम्प्रेसरच्या सीलवर तेलाचा डाग नाही.
डॅशबोर्डमागे असेल तर दोन दिवसांचं काम,
हे एवारिस्तोला सांगितलं तेव्हा
त्याने टोपी काढली आणि परत घातली.

नायट्रोजन भरला. नळ्या सोडवल्या.
वाटीत साबण कालवला, ब्रशने
सांध्यासांध्याला लावत गेले.
काही नाही. काही नाही.
आणि मग निळ्या बाजूच्या तोंडाशी,
जिथून गॅस भरतात त्याच तोंडाशी,
एक बुडबुडा
सावकाश, लाजत, फुगला.
फुटला. त्याच्या जागी दुसरा.

सहा वर्षं जिथून भरत होतो
तिथूनच जात होतं.
रोग हल्याला, औषध पखालीला म्हणतात;
इथे तर औषध द्यायची जागाच रोग.

तांदळाच्या दाण्याएवढा व्हॉल्व्ह. तो बदलला.
पंप लावून नळ्यांतली हवा, ओल, सगळं ओढून काढलं,
आणि पंप बंद करून काट्याकडे बघत बसलो.
हे बसणंच लोक टाळतात.
अर्धा तास. एवारिस्तोने डबा उघडला,
सुक्या मांसाची पोळी तिघांत वाटली,
मुलीच्या लग्नाचं सांगितलं, जावयाचं नाही सांगितलं.
काटा हलला नाही.

सहाशे ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून.
झडपेत थर्मामीटर खोचला:
एकोणतीस, एकवीस, बारा,
सात.
एवारिस्तो काच वर करून आत बसला
आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"किती झाले?" शेवटी त्याने काच दोन बोटं उतरवली.
मी आकडा जुळवत होते.
"त्यातून सहा वर्षं वजा कर," बाबा आतून म्हणाले.

मग उठले. भिंत चाचपत फळीपाशी गेले,
कॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा आणला
आणि माझ्या हातात दिला. हलका होता,
खुळखुळत होता.
आत टोपणं. निळी, लाल, काळी,
शंभरेक असतील,
काही उन्हाने नाही, खिशात राहून राहून झिजलेली.

"हात तेलकट असायचे," ते म्हणाले,
"म्हणून खिशात टाकायचो.
संध्याकाळी पँट झटकताना पडायची.
कुठलं कोणाचं, कसं कळणार?"

मी एक निळं निवडलं, एवारिस्तोच्या गाडीला बसवलं,
बोटांनी पिळून घट्ट केलं.
तो गेला. जिथे गाडी उभी होती तिथे
धुळीत तळहाताएवढी ओल,
एक पारवा ती टोचून बघत होता.

बाबा दारात उभे होते.
रस्त्यावरून एक गाडी गेली, मग एक पिकअप,
काचा खाली.
त्यांनी मान वळवून
दोन्हींचा आवाज ऐकला.