तीस सेकंदं, काही न बोलता

हाड मोडायचं तर सेलरीची जुडी.
मांस फाटायचं तर अर्धं सोललेलं संत्रं,
माइकच्या अगदी तोंडाशी.
बर्फावरची पावलं कॉर्नफ्लोअरची:
कापडी पिशवीत भरून मुठीने दाबायची.
इथे थंडर बेला खरा बर्फ दाराशी कमरेएवढा,
पण खरा बर्फ कानाला खरा वाटत नाही.

आम्ही चौघं. कधी भेटलेलो नाही.
लाउरी तिकडे वेल्समध्ये कपाटात बसून किंचाळते,
हिवाळी कोटांत तोंड खुपसून,
म्हणजे वरच्या मजल्यावरची बाई पुन्हा पोलीस बोलावत नाही.
टायग स्लायगोत, रात्रपाळी संपली की गाडीतच,
काचा वर करून.
देल्फीन मंक्टनला, वडलांच्या शेजारच्या खोलीत.
गोष्ट टायगची: सरोवराकाठी ओस पडलेलं धान्याचं कोठार,
आणि तळाशी, गव्हाखाली,
कुणीतरी श्वास घेतंय.

मी आवाज जुळवतो.
माझा नियम एकच: बोलायच्या आधी
तीस सेकंदं गप्प बसा, माइक चालू ठेवून.
मला तुमची खोली हवी.
शब्दाशब्दांमधल्या भेगा तिनेच लिंपायच्या असतात,
नाहीतर ऐकणाऱ्याला कळतं
इथे काहीतरी कापलंय.

म्हणून मला ठाऊक आहे
लाउरीचा फ्रिज कण्हतो,
टायगच्या टपावर सीगल चालतात,
आणि देल्फीनच्या भिंतीपलीकडे एक यंत्र
हवेतून प्राणवायू गाळत असतं.
घर्र, फस्. घर्र, फस्.
‘बाबांचं आहे,’ ती म्हणाली, ‘काढता येईल?’
येतं काढता. मी काढलं.
मग काढलेलं तेवढंच रात्री ऐकलं,
वेग निम्मा केला, स्वर दोन सप्तकं खाली ओढला,
आणि मानेवरचे केस उभे राहिले.
गव्हाखालचा सापडला होता.

ओझियास कॉर्मिए, रेल्वेतून निवृत्त,
म्हणाले, फुकटात भूत होणार नाही,
भागामागे एक बिअर.
मी पैसे पाठवत असे. डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही.
श्रेयनामावलीत शेवटची ओळ त्यांची:
‘श्वास’, आणि पुढे पूर्ण नाव.
मॅनिटोबाच्या एका ट्रकवाल्याने कळवलं,
चौथ्या भागाला गाडी कडेला घेतली,
मागच्या सीटवर बॅटरी मारून पाहिली.
ते देल्फीनने त्यांना तीनदा वाचून दाखवलं.

फेब्रुवारीत नवव्या भागाच्या फायली आल्या.
पहिली तीस सेकंदं.
मला वाटलं केबल सैल आहे.
आवाज वाढवला. भिंतीवरचं घड्याळ.
लांब कुणीतरी खणात चमचे ठेवतंय,
एकेक, जपून.
बाकी स्वच्छ. इतकी स्वच्छ खोली
तिने मला कधी पाठवली नव्हती.
मग तिचा आवाज, न अडखळता, जसा लिहिला होता तसा:
‘खाली कोण आहे?’

कुणी काही सांगितलं नव्हतं अजून.
मी हेडफोन काढून ठेवले
आणि उगाच भांडी घासली.

माझ्याकडे त्यांची सात मिनिटं होती.
पुन्हा पुन्हा जोडली तर कितीही वर्षं पुरतील.
विचारलं, थांबवूया का.
तीन दिवसांनी उत्तर आलं: नको.
आणि तो न बिघडवलेला दे मला,
जो कुणालाच घाबरवत नाही.

तो शोधताना पहिल्या दिवसाची फाइल उघडली.
तिसाव्या सेकंदाला मी नेहमी कात्री लावतो,
पुढचं कधी ऐकलंच नव्हतं.
एकतीस. बत्तीस.
भिंतीपलीकडून, फ्रेंचमध्ये, घुसमटून:
‘झालं का गं?
खोकू आता?’