सात आडवा

"अँग्लो-सॅक्सनांचं आरंभीचं राज्य, पाच अक्षरं."
दर दोन-तीन महिन्यांनी कोडेवाल्याला हे राज्य लागतंच,
आमटीत मीठ लागावं तसं :
कोपरा अडला की घाल चिमूटभर.

डॉरीन मेगिन्सन पेन्सिलीनं लिहिते एसेक्स.
सत्तावन्न वर्षं तेच बरोबर येत आलंय.
क्लिफर्ड पेनानं लिहायचा. डेइरा.
मग उभे शब्द बोंबलत सुटायचे,
कधी नदीच्या तोंडाशी डी अडकायचा,
कधी कोल्ह्याला एक्सऐवजी ए ची शेपटी फुटायची
आणि हा चहा ढवळत म्हणायचा,
"कोडं चुकलंय. लंडनात बसून करतात मेले."

ड्रिफील्डच्या खालच्या अंगाला त्यानं जन्मभर चर उपसले.
खडूच्या पांढऱ्या मातीत एकदा फावड्याला मणी लागला,
निळा, वाटाण्याएवढा, भोक शाबूत.
दोन दिवस खिशात ठेवून मग म्युझियमला नेऊन दिला.
पावती अजून ड्रॉवरमध्ये आहे,
विजेच्या बिलांखाली.

आज पहिल्या घरात वरून डी उतरला.
तिसऱ्यात आय.
डॉरीननं खोडरबर उचललं,
खोडायला अजून काही नव्हतंच.

"काय अडलं?" कासिया विचारते,
गोळ्यांची डबी भरता भरता. मंगळवार, बुधवार.
"एक राज्य."
"लांब आहे?"
"तू उभी आहेस त्यात. या सिंकपासून पार टीज नदीपर्यंत."
कासिया फरशीकडे बघते,
आत्ताच पुसलीय, पाय उचलावा की काय.
"मग गेलं कुठे?"
"शेजारच्यात मिसळलं. ते पुढे त्याच्या शेजारच्यात."
"आमचंही गेलं होतं," कासिया म्हणते, "एकशे तेवीस वर्षं.
पणजीच्या आईला पाकिटावर देश लिहिता यायचा नाही."
"मग?"
"मग आलं."
गुरुवारचं झाकण टक्कन लागतं.

डेइरा. आपल्या लिपीत तीनच घरं पुरतात,
आणि मधली इ गळाली की उरतो डेरा,
टाकतानाच कधीतरी उठायचा ठरलेला.
डॉरीनला हे ठाऊक असायचं कारण नाही.
ती पेन शोधतेय, त्याचं, टोपण चावलेलं.
आधी उमटतच नाही.
पेपरच्या कडेला, हवामानाच्या बातमीवर
ती गोल गोल गिरवत राहते,
निळं येईपर्यंत.

डी. ई. आय. आर.
ए पाशी उभा पाच बसत नाही,
सकाळी तिनंच तिथे काहीबाही भरून ठेवलंय,
पेन्सिलीनं, सहज खोडता येईल असं.

खोडरबर हाताशीच आहे.
ती ए लिहिते, ठसठशीत.
"कोडं चुकलंय," कासियाला म्हणते,
"लंडनात बसून करतात मेले."
आणि चहात साखर नसतानाही
बराच वेळ ढवळत बसते.