सव्वा महिन्यापुरतं

शालन चिंचवडला गेली, लेकीच्या बाळंतपणाला,
अन् जाताना फडताळाच्या दाराला आतून
कागद डकवून गेली, किराण्याच्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजू.
लिहिलंय पेन्सिलीनं. शाई वाफेनं उतरते म्हणे.

'साबणाचं झिजलेलं तुकडं फेकू नका,
जुन्या पायमोज्यात भरा, गाठ मारा,
कॉलर त्यानंच घासा.
भाताची पेज गाळून ठेवा, साड्यांना खळ तीच.
पातळ पाहिजे. तुमच्या पिठल्यावाणी नको.'

बत्तीस वर्षं मी उद्यमनगरात मोल्डर.
लाल लोखंड ओतलं या हातांनी,
कॉलर कधी घासली नव्हती.
कटाचा डाग पडला, तसाच सदरा बादलीत बुडवला,
मग दिसलं, कागदाच्या पार कोपऱ्यात:
'तेलाच्या डागावर आधी बेसन. पाणी मागनं.'
सदरा आता घरात घालायचा झाला.

दुसऱ्या कागदाला हळदीचं बोट लागलंय.
'तूरडाळीला एरंडेल चोळलंय, ऊन पाण्यानं धुवा.
तांदळातला लिंबाचा पाला निवडायचा, शिजवायचा नाही.'
(खाली दोन रेघा. एकदा शिजवला होता मी.)
'चटणीच्या बरणीत ओला चमचा घातलासा
तर माझ्याशी गाठ आहे.
तळाला हिंगाचा खडा आहे, दगड म्हणून फेकू नका.
हौसाक्का वाटी घेऊन येतील चटणीला. द्या.
गुळाची ढेप दिसली तर नाही म्हणा.'

तिसरा कागद नानकटाईचा.
'बारशाला येताना घेऊन या.
मुल्लाणींच्या भट्टीवर आता किलोमागं लई घेतात,
अन् डबे घेऊन रांगेत कोण बसणार? घरीच करा.
फुटक्या दांड्याच्या कुकरात वाळू घाला,
शिट्टी काढा, रबर काढा.
पावडरच्या डब्याचं बूड कापून साचा केलाय,
धार आहे, बोट जपा.
तुपाच्या पिशवीची आतली बाजू ताटलीला फिरवा,
तेवढं तूप बास होतंय.
वाळू टाकू नका. गार झाली की पिशवीत.'

वाळूचं मला सांगते!
आम्ही टनानं चाळून परत वापरायचो,
मूठ दाबली की ओल कळायची.
तरी पहिला घाणा बुडाला करपला.
दुसऱ्याला वाळू दोन बोटं वाढवली, तो कच्चा.
तिसऱ्याला आच थोडी चढवली,
अन् वर बारीक, सारख्या भेगा आल्या.
भेग पडली की कास्टिंग रिजेक्ट.
नानकटाई मात्र पास.

डब्यात थर लावताना स्टूल ओढून चढलो,
कारण डाळ, तांदूळ, चटणी, सगळं वरच्या दोन फळ्यांवर.
खालच्या तीन रिकाम्या.
का, ते एकाही कागदावर नाही.

दाराआडच्या भिंतीवर दोनदा रंग मारला,
तरी पुराची रेघ उमटते, माझ्या छातीएवढी.
पाणी उतरलं तेव्हा पोत्यातला तांदूळ आंबून फुगलेला.
शालननं तो पाटीनं उपसला,
दारात नेऊन टाकला, पाटीमागं पाटी,
तोंडातनं शब्द नाही.
मग बरण्या चिखलातनं काढल्या,
राखेनं घासल्या,
अन् गच्चीवर उन्हात पालथ्या घातल्या
एका ओळीत, सगळ्या, ज्यांची झाकणं गेली त्यासुद्धा.

रात्री फोन आला. मागं बाळ रडत होतं.
'जमली का नानकटाई?'
'तिसरा घाणा जमला.'
'अन् वाळू? टाकली नाही न्हवं?'
'पिशवीत भरली.'
'कुठं ठेवली?'
'वरच्या फळीवर.'

'वाळूला काय हुतंय वं पाण्यानं?'
म्हणाली, अन् हसली.
मग बराच वेळ
दोघंही बाळाचं रडणं ऐकत राहिलो.