पायरी अकरावी

भिंतभर तपकिरी कागद, त्यावर पिवळ्या चिठ्ठ्या.
चौकोन म्हणजे काम, शंकरपाळी म्हणजे प्रश्न:
हो असेल तर उजवीकडे, नसेल तर खाली.
टालिनमध्ये डिसेंबरात साडेतीनलाच काळोख,
आणि मी टपाल खात्यात अजून
एका हरवलेल्या पार्सलाच्या तक्रारीमागे फिरतेय,
या टेबलावरून त्या टेबलावर.
एकूण सतरा पायऱ्या.

अकरावीवर विर्वे उभी राहते.
लोखंडी दांडा दोन्ही हातांनी दाबते
अर्जाच्या डाव्या कोपऱ्यावर.
शाई नाही. नुसता उठाव.
हे कशाला?
"वहिवाट," ती खांदा चोळत म्हणते. "बावीस वर्षं.
जोरात दाब, एवढंच सांगितलं होतं लेम्बितनं."
हिल्लार म्हणतो, नियमात असणार.
नियमावलीच्या चारही आवृत्त्या चाळल्या. नाही.

लेम्बित हाप्सालुला, समुद्राच्या बाजूला, लाकडं फोडत होता.
"आयनो," म्हणाला, आणि कुऱ्हाड ओंडक्यातच ठेवली.
"वरच्या मजल्यावर बसायची. नजर गेली तिची,
आधी कडेनं, मग मधून.
साहेबाला कळतं तर घरी पाठवली असती.
म्हणून भरपाईच्या अर्जांना कोपऱ्यात उठाव.
बोट फिरवायची, गठ्ठे लावायची.
सहा वर्षं. एक कागद इकडचा तिकडे नाही."
"मग?"
"मग वारली.
पुढच्या वर्षी विर्वे आली. तिलाही सांगितलं,
जोरात दाब.
तोंडात बसलं होतं."

आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात.
इथे अख्खं खातं राखत बसलं होतं,
गोठा रिकामा झाला तरी.

परत येऊन हिशेब मांडला:
अर्जामागे चाळीस सेकंद, वर्षाचे तास इतके इतके.
'उपयोग' या रकान्यात लिहिलं, शून्य.
खरंच होतं ते.
तरी त्या रात्री एक जुना अर्ज उलटा धरून
डोळे मिटले, आणि कोपरा शोधला.
पहिल्यांदा सापडला नाही.

नव्या आराखड्यात बाण दहावरून थेट बारावर जातो.
कारेल म्हणाला, आकडे चुकलेत, अकरा कुठाय?
करते दुरुस्त, म्हटलं.
तो आराखडा तसाच मंजूर झाला, तसाच छापला,
वसंतात तसाच लागू झाला.

विर्वेचा खांदा आता दुखत नाही म्हणे.