यादीत नसलेला शब्द

फेरीबोटीतून उतरले तेव्हा पिशवीत होतं
एक स्टॉपवॉच, चाळीस संमतीपत्रं,
टोकं काढलेल्या पेन्सिली, रेकॉर्डर
आणि पंधरा शब्दांची एक यादी.

हियुमा बेटावरच्या वाचनालयाला
नुकताच रंग दिलेला. वासानं डोकं धरायचं,
म्हणून खिडकी उघडी ठेवली.
खिडकीचं लक्षात ठेवा; मी ठेवलं नव्हतं.

तार्तूहून निघताना प्राध्यापक कास्क म्हणाल्या होत्या:
आवाज सपाट ठेव.
दीड सेकंदाला एक शब्द.
कुठल्याही शब्दावर जीव लावू नकोस.

लाट. मीठ. जाळं. वल्हं.
शिंपला. डोलकाठी. भरती. वाळू.
दीपस्तंभ. नांगर. फेस…

मग दोनशे सत्त्याण्णवपासून
तीन-तीन वजा करत उलटं मोजायचं,
म्हणजे शब्द जिभेवर घोळत राहत नाहीत,
खाली कुठंतरी जाऊन बसतात.
मग म्हणायचं: आठवतील तसे सांगा.

यादीत एक शब्द मुद्दाम घातलेला नसतो.
उरलेले पंधरा त्याच्याकडे तोंड करून उभे,
मांडवात सगळे जमलेत
आणि नवरदेवाचाच पत्ता नाही, तसे.

समुद्र.
मी म्हणतच नाही. लोक ऐकतात.

पोस्टातून निवृत्त झालेल्या वाल्दुर यांनी तो तिसराच सांगितला,
वर शपथेवर: "वल्ह्यानंतर म्हणालात की.
जरा खोकलात, मग म्हणालात."
शाळेत स्वयंपाक करणाऱ्या लेइदाबाईंनी
आधी समुद्र सांगितला, मग बाकीचा संसार.
एक तरुण सुतार तर
समुद्र सोडून दुसरं काही सांगेचना.

चुकलं, हे तोंडावर दिसू द्यायचं नसतं.
उजव्या रकान्यात बारीकशी फुली.
तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकतीस फुल्या.

मग हेल्वे पील.
वय एक्क्याऐंशी. चाळीस वर्षं
माशांच्या कारखान्यात डबे भरायच्या,
अजून बोटं जवळजवळ धरून बसतात,
जसं काही मध्ये काहीतरी निसटेल.
उलटं मोजताना मुळीच घाई नाही:
दोनशे एक्क्याण्णव. दोनशे अठ्ठ्याऐंशी. श्वास.
शब्द आठवले नऊ.
मग गप्प.

"आणखी काही?"
"तो आला नाही."
"कोण?" हे मी विचारायला नको होतं,
नियमात बसत नाही.
"समुद्र. वाळूनंतर येईल वाटलं,
मग फेसानंतर तरी.
तू कागद पालथा घातलास
तरी मी थांबलेच होते."

मी काहीच बोलले नाही, तशा म्हणाल्या,
"धक्क्यावर संध्याकाळी बोटी मोजायचो, पोरी.
आलेल्या मोजायच्या नसतात."

स्वेटरची वरची गुंडी लावली, गेल्या.
उजव्या रकान्यात शून्य.
तक्त्यात शून्याचा अर्थ एकच:
चूक नाही.
तो शब्द त्यांच्याही दाराशी आला होता,
सगळ्यांच्या आला तसाच.
त्यांनी फक्त त्याला विचारलं, कुठून आलास.
यासाठी रकाना आखलेला नाही.

रात्री खोलीवर मला झोप येईना.
एकतीस जणांनी इतक्या खात्रीनं सांगितल्यावर
मलाही वाटू लागलं होतं, म्हणाले असेन.
वल्ह्यानंतर. हो, म्हणालेच असेन.
अगदी माझ्याच आवाजात ऐकू येत होतं.

हेडफोन लावला. वाल्दुर यांची नोंद.
लाट. मीठ. जाळं. वल्हं.
आणि खरंच, मी खोकले होते.
मला आठवतही नव्हतं.
खोकल्यानंतर: शिंपला.

पुन्हा मागे नेलं. आवाज वाढवला.
वल्हं, खोकला, शिंपला,
आणि मधल्या फटीत, रंगाचा वास जावा म्हणून
उघड्या ठेवलेल्या खिडकीतून
संथ, दीड सेकंदाचा कसलाही हिशेब न ठेवता,
तो.

लेइदाबाईंच्या नोंदीत. सुताराच्या.
हेल्वेबाई गप्प बसल्या होत्या
तेवढ्या सगळ्या वेळात.

तक्त्याच्या तळाशी छापलेला एक प्रश्न असतो:
चाचणीच्या वेळी खोलीत इतर काही आवाज होता का?

त्यापुढे, वेळ वाचावा म्हणून,
पहिल्याच सकाळी, चाळीसच्या चाळीस पानांवर
मी 'नाही' लिहून ठेवलं होतं.