शिक्का

बस, झोलेका. आधी चहा पी.
रडून झालं असेल तर लिहू,
नसेल तर रडून घे, मला घाई नाही.
कागदावर रडू नकोस एवढंच;
शाई पसरली की साहेब म्हणतात, वाचता येत नाही.

पहिल्या ओळीत राग लिहायचा नसतो.
पहिल्या ओळीत तारीख.
मग वेळ. ‘मध्यरात्रीच्या सुमारास’ नको,
ते गोष्टीत असतं.
तुझा फोन दे इकडे. हे बघ,
एक-शून्य-एक-एक-एक,
एक वाजून सात मिनिटं. एक एकोणीस.
एक चव्वेचाळीस, हा नऊ सेकंदांचा.
नऊ सेकंदांत काय बोललीस?
‘ते आत आलेत.’
एवढंच?
मग एवढंच लिहू.

ताता बोनिसिलेच्या मोडलेल्या हाताचं नंतर.
दुकानातून काय गेलं तेही नंतर.
चोरांची तक्रार वेगळी, तिला नंबर मिळालाय.
ही, जे आले नाहीत त्यांची.

पलीकडचा माणूस नेमकं काय म्हणाला?
‘गाडी बाहेर आहे’ की ‘गाडी नाही’?
फरक आहे, पोरी.
बाहेर गेलेली गाडी कुठेतरी असते,
वहीत तिचे किलोमीटर असतात, ते मागता येतात.
नसलेल्या गाडीला कोण काय विचारणार?

आवाज झोपेतला होता?
नाही, म्हणालीस. दमलेला.
म्हणाला, मामा, दार लावून घ्या.
दार तेव्हा अंगणात पडलं होतं.
हेही लिहू.

तीस वर्षं मी कोर्टात दुभाषी होते.
आपल्या खोसातलं रडणं साहेबाच्या भाषेत नेऊन ठेवायचं.
त्याला तिकडे शब्द नसे, म्हणून मी सांगायची:
साक्षीदार थांबला आहे.
तेव्हा या टेकडीवरून पोलिसांना कोणी बोलावत नसे.
ते आपणहून यायचे,
पिवळ्या गाड्या भरभरून, पहाटे, दार मोडून.
आता बोलावलं तरी येत नाहीत.
सुधारणाच म्हणायची ही.
हसलीस? बरं झालं.

शेवटी, काय हवंय ते लिहायचं.
न्याय नको लिहूस, त्याला रकाना नाही.
फोनचं रेकॉर्डिंग माग. गाडीची वही.
उत्तर लेखी, खाली सही, सहीखाली नाव.
आणि?
मला वाटलं, माफी म्हणशील.
तू म्हणालीस, दार.
मी दार लिहिलं.

शिक्क्यासाठी सकाळी चौकीतच जावं लागलं.
पोस्टातला शिक्का मार्चपासून सापडत नाही.
ज्याच्याविरुद्ध शपथ, त्याच्याच समोर शपथ.
रस्त्याकडेची कोरफड लाल फुलली होती,
वाऱ्यानं कागद दोनदा उडाला, दोनदा धरला.
चौकीच्या आवारात व्हॅन, विटांवर, चाकांशिवाय.
काउंटरमागे एक हडकुळा पोरगा.
म्हणाला, यात लिहिलंय ते खरं आहे का, मामा?
झोलेकाची बोटं माझ्या हातात गार पडली.
तोच.

त्यानं दोन्ही पानं वाचली, ओठ हलवत.
‘फोन घेणाऱ्याचं नाव माहीत नाही’ इथे थांबला.
तेवढ्यात मागे फोन वाजला, वाजत राहिला,
दुसऱ्या कोणीतरी उचलला.
त्यानं खिशातून आपलं पेन काढलं,
‘माहीत नाही’ खोडलं,
वर लिहिलं, सुटं सुटं अक्षर काढत:
कॉन्स्टेबल लुथांडो म्पेत्शेनी.
त विसरू नका, म्हणाला, सगळे गाळतात.
मग शिक्का मारला. तारीख जरा तिरकी उमटली.

टेकडी चढताना झोलेका म्हणाली,
त्याचं काय होईल आता?
कोर्टात असते तर म्हटलं असतं,
साक्षीदार थांबला आहे.
म्हटलं, प्रत जपून ठेव.
तिनं घडी घालून ती पिशवीत सारली,
नव्या बिजागऱ्यांच्या पुड्याशेजारी.