दुधी पाटी

अशोक चौकामागची शेड. पाठ भिंतीला टेकली
तरी आठही माग मावेनात,
म्हणून तेवीसचं भिंग.
कॅमेरा पाणसळीत. मान वर करायची नाही त्यानं,
नाहीतर खांब एकमेकांवर कलंडतात.
भिंगच उचलायचं, स्क्रू फिरवत, बारा मिलिमीटर,
की छताचे पत्रे हळूच उतरतात चौकटीत
आणि खांब उभेच्या उभे.

एवढं रुंद भिंग कडेला खोटं बोलतं:
डावीकडे गुलाबी झाक, उजवीकडे हिरवट.
म्हणून प्रत्येक फोटोनंतर
भिंगाला दुधी पाटी लावून आणखी एक,
नुसत्या पांढऱ्याचा.
घरी बसून तो आधीच्यातून वजा करायचा.

“कशाचा फोटो काढलालाव हे?” राजेशम कोंड्याल.
कशाचाच नाही, म्हटलं. कडेचा रंग बिघडतो, त्यासाठी.
“काठाचीच कटकट असती बगा.
मधलं कापड कुणीपण विणतंय.”

सोमवारी माग भंगारात जाणार, किलोवर.
पाटी मी धरतो, म्हणाले.
आठ सेकंद धरली, श्वास रोखून,
जसा काही फोटो त्यांचाच होता.

मालकाला बत्तीस फोटो दिले,
सरळ, स्वच्छ, एकही माणूस नसलेले.
एक पाटी वाया गेलेली, तेव्हाच परत घेतली होती:
खालच्या कोपऱ्यात करडी सावली
अंगठ्याची,
पहिल्याच पेरात संपलेल्या.

ती अजून आहे माझ्याकडे.
कशातून वजा करू?